तापलेल्या लेकराला सीमा कसली?

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचा भाग मुंबई राज्याकडे आला; उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशाकडे गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. त्या वाटणीत पैनगंगेच्या दक्षिणतीरी राहून गेलेल्या मराठी माणसाचे काय हरपले, याचा पाढा आम्ही या स्तंभातून नित्य वाचीत आलो आहोत आणि न्याय मिळेतो वाचीत राहू. आज मात्र आम्ही एका निराळ्याच विषयाला हात घालीत आहोत. दीड-दोन वर्षांच्या लेकराच्या अंगावर पुरळ उठले, तर त्याला ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे आणि घरी केव्हा थांबावे, हा तो विषय.

विलीनीकरणासाठी चालविलेल्या दैनिकाने गोवर-कांजण्यांची चर्चा करीत बसावे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की ती केलीच पाहिजे. सीमाप्रश्न नकाशावर दिसतो तसा तो पाळण्यापाशीही दिसतो. बेला, जैनथ, तलमडुगू या बाजूच्या घरात रात्री लेकरू तापाने फणफणते, अंगावर लाल चट्टे उमटतात, आणि आई शेजारणीला विचारते, "बाई, हे काय असेल?" शेजारीण म्हणते, "माता आली, औषध नको." बाप म्हणतो, "सकाळी पाहू." आजोबा म्हणतात, "तिकडच्या दवाखान्यात आपली भाषा कोण समजून घेणार? नदीपलीकडेच नेऊ." अशा तीन बोलण्यांत रात्र निघून जाते. बहुधा त्या रात्रीने काही बिघडत नाही, कारण लहान मुलांची बहुतेक पुरळे आपोआप मावळणारी असतात. परंतु ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत बिघडते, त्यांच्या बाबतीत ती गेलेली रात्र पुन्हा हाती लागत नाही. म्हणून ही निवड कशी करावी, हे प्रत्येक मराठी घराला आपल्या भाषेत ठाऊक असले पाहिजे.

पहिले सूत्र हे, की पुरळाकडे पाहण्याआधी मुलाकडे पाहावे. उन्हाळ्यात मानेवर व पाठीवर घामोळे येते. लंगोटाच्या जागी कातडी लाल होते. डास-पिसवा चावून गांधी उठतात. खरजेने बोटांच्या बेचक्यांत फोड येतात. ताप येऊन तीन-चार दिवसांनी उतरतो आणि उतरताच छाती-पोटावर गुलाबी ठिपके दिसतात, असेही एक सौम्य दुखणे या वयात पुष्कळ मुलांना होते. या साऱ्यांत मूल खेळते, हसते, दूध-पाणी घेते, आईच्या हाकेला मान वळविते. अशा मुलाला दुसऱ्या दिवशी सावकाश वैद्याकडे नेले तरी चालते. पुरळ दिसायला कितीही भयंकर असले तरी मूल चांगले असेल, तर धावपळीचे कारण सहसा नसते. उलट पुरळ अगदी थोडे, पण मूल मलूल, असे असेल तर घड्याळाकडे पाहू नये. उठून चालू लागावे.

आता धावण्याची कारणे सांगतो. मूल काही पीत नाही, अंगावर ओढीत नाही. प्याले ते सारे ओकून टाकते. त्याला आकडी येते. हलविले तरी नीट जागे होत नाही वा गुंगीत राहते. या चारांपैकी एक जरी खूण दिसली, तरी पुरळ कशाचे आहे याचा विचार रुग्णालयात करावा, घरात करू नये. श्वासाचीही परीक्षा घरी होते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांवरील पण वर्षाच्या आतील मुलाचा श्वास मिनिटाला ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० वा अधिक असेल, तर तो जलद समजावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर ती न्यूमोनियाची गंभीर खूण होय. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर पुरळ असो वा नसो, त्याच दिवशी दाखवावे.

दुसरी परीक्षा पेल्याची. काचेचा पारदर्शक पेला घ्यावा आणि त्याची कड पुरळावर घट्ट दाबावी. साधे लाल पुरळ दाबाखाली फिके पडते. टाचणीने टोचल्यासारखे लाल-जांभळे ठिपके किंवा काळेनिळे डाग दाबूनही तसेच राहिले आणि अंगात ताप असेल, तर रक्त कातडीखाली झिरपते आहे असे समजावे. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आणि रक्तात विष पसरविणाऱ्या जंतूंच्या रोगात असे होते. त्या रोगात काही तासांत प्राण जातात. सावळ्या अंगावर हे ठिपके चटकन दिसत नाहीत. म्हणून तळहात, तळपाय, पोट, पापणीची आतली बाजू व टाळू दिव्याखाली पाहावी. मात्र पेल्याखाली पुरळ फिके पडले एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. मान ताठ, हातपाय गार, रंग फिका, उजेड सोसवत नाही, रडणे क्षीण वा विचित्र, अशी लक्षणे असतील तर पेला ठेवून द्यावा आणि निघावे.

तिसरी गोष्ट, अंगावर अकस्मात पित्त उठणे. नुसत्या गांधी उठल्या आणि काही तासांत मावळल्या, तर भय नाही. परंतु नवा पदार्थ, औषध किंवा गांधीलमाशीचा दंश यांनंतर ओठ, जीभ वा चेहरा सुजला, आवाज बसला, श्वासात शिटी वाजू लागली, मूल ओकू लागले वा गळून गेले, तर मिनिटामिनिटाला मोल असते. तसेच औषध सुरू असताना कातडी भाजल्यासारखी सोलू लागली, तोंडात आणि डोळ्यांत फोड आले, तर ते औषध घेऊन रुग्णालय गाठावे.

आपल्या जिल्ह्याचे जंगल, नाले आणि पावसाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना डेंग्यूविषयी नव्याने सांगावयास नको. पण एक गैरसमज दूर केला पाहिजे. डेंग्यूत ताप उतरला की संकट टळले असे मानतात, आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. दुखण्याच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप ओसरताना पोटात दुखणे, वारंवार ओकारी, नाका-हिरड्यांतून रक्त, गार हातपाय वा बेचैनी दिसली, तर त्वरा करावी. गवता-झुडुपांत वावरणाऱ्या घरांनी आणखी एक खूण लक्षात ठेवावी. ताप असलेल्या मुलाच्या काखेत, जांघेत वा मानेवर विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांस दाखवावी. ती स्क्रब टायफस या रोगाची असू शकते. २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ आली होती आणि वेळेवर औषध मिळाले तर तो बरा होतो. ताप पाच दिवस हटत नाही, डोळे लाल, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, हातापायांना सूज, असे असेल तर कावासाकी रोगाची शंका घ्यावी. १९६७ साली जपानात प्रथम वर्णिलेल्या या रोगात हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडतात. उपचार पहिल्या दहा दिवसांत व्हावा लागतो.

आणि गोवर! त्याला आम्ही मुद्दाम शेवटी घेतले, कारण त्याच्याविषयी आपल्या घरांत सर्वांत अधिक जिव्हाळा आणि सर्वांत अधिक अज्ञान आहे. प्रथम ताप, खोकला, वाहणारे नाक, लाल डोळे. मग तीन-चार दिवसांनी कानांमागे व कपाळावर पुरळ, आणि तेथून ते चेहऱ्यावरून खाली अंगभर उतरते. लस न घेतलेली व पूर्वी गोवर न आलेली दहा मुले अशा रोग्याच्या सहवासात आली, तर त्यांतील नऊ आजारी पडतात. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत तो दुसऱ्यास लागतो. म्हणून गोवराची शंका असलेले मूल इतर तान्ह्या मुलांच्या रांगेत बसवू नये. दारातच परिचारिकेस सांगावे. गोवराने मुले दगावतात ती बहुधा पुरळाने नव्हे, तर मागाहून येणाऱ्या न्यूमोनियाने, जुलाबांनी वा मेंदूच्या सुजेने. त्यात डोळेही जातात. म्हणून गोवराच्या मुलास अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठ दोन दिवस देतात. ती मात्रा वयाप्रमाणे ठरते आणि ती रुग्णालयातच घ्यावयाची असते. डोळ्याच्या बुबुळावर ढगाळपणा आला, तोंडात खोल व्रण पडले, श्वास जलद झाला, तर पुन्हा तेच: निघावे.

"ही देवीची कृपा-अवकृपा, औषधाने माता कोपते," असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आम्ही उपहास करीत नाही. ज्या पिढ्यांनी देवीच्या साथींत घरेच्या घरे ओस पडलेली पाहिली आणि ज्यांच्यापाशी प्रार्थनेखेरीज उपाय नव्हता, त्यांनी हात जोडले, यात नवल नाही. मराठी भाषेने त्या रोगालाच 'देवी' हे नाव दिले. तेलुगू शेजारीही कांजण्यांना 'आटलम्मा' म्हणतात. अम्मा म्हणजे आई. दोन्ही भाषांनी भीतीला आईचे रूप दिले. परंतु त्या देवीच्या रोगाचे पुढे काय झाले? १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली. १९७५ नंतर या देशात त्या रोगाचा संसर्ग राहिला नाही आणि १९८० साली तो जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली. लसीने माता कोपली असती, तर आज आपल्या नातवंडांच्या गालांवर ते व्रण दिसले असते. कडुनिंबाचा डहाळा दाराला खुशाल बांधावा, पोचम्माला दहीभाताचा नैवेद्य दाखवावा. पण लेकराचे दूध-पाणी तोडू नये, फोडांवर राख वा शेण लावू नये, अॅस्पिरिनची गोळी देऊ नये आणि रुग्णालयाची वाट अडवू नये.

लस तर आपल्या दारी येते. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत, दोन्ही राज्यांत विनामूल्य मिळते. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ भडकली आणि कोवळी मुले गेली. मालेगाव आणि भिवंडीतही तिने डोके वर काढले. तेथे तर भाषेचा अडसर नव्हता, राज्याचा वाद नव्हता, मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर होती. मुलांची लस राहून गेली होती, एवढे एक कारण पुरले. कापूस वेचणीला, वीटभट्टीला, ऊसतोडीला जी कुटुंबे सीमा ओलांडून जातात, त्यांच्या लेकरांची दुसरी मात्रा दोन राज्यांच्या मध्ये कोठे तरी हरवते. अशा आईने लसीचे कार्ड शिधापत्रिकेसारखे जवळ बाळगावे आणि जेथे असेल तेथे मात्रा मागावी. लसीला अधिवासाचा दाखला लागत नाही.

आता आमच्याच माणसांशी चार शब्द. चळवळीत काही स्वाभिमानी मंडळी असे म्हणतात, की ज्या सरकारचा आपल्यावरील अंमलच आपल्यास मान्य नाही, त्याच्या दवाखान्याची पायरी चढणे म्हणजे तो अंमल कबूल करणे होय. त्यांच्या निष्ठेचा आम्ही आदर करतो आणि त्यांचे म्हणणे साफ नाकारतो. आदिलाबाद शहरातील रिम्स रुग्णालय जवळ असेल तर तेथे जावे. यवतमाळ, चंद्रपूर वा नांदेडचे शासकीय रुग्णालय जवळ असेल तर तेथे जावे. आणि त्याहून जवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर प्रथम तेथेच जावे. ज्या रस्त्याने मूल लवकर पोहोचेल, तोच रस्ता मराठी. कोलाम असो, गोंड असो, तेलुगू असो वा मराठी, कर देणाऱ्या माणसाचा त्या खाटेवर हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच आहे. सीमेवरून तो फिरविताना गाव, मंडळ वा तालुका, जिल्हा आणि राज्य स्पष्ट सांगावे, म्हणजे एकाच नावाच्या दोन गावांचा घोटाळा होणार नाही. केरामेरी मंडळ आणि जिवती तालुका यांच्या वेशीवरील चौदा गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथील माणसांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत आली, शिधापत्रिका दोन झाल्या. मताच्या वेळी दोन्ही सरकारांना जी माणसे आपली वाटतात, त्यांचे लेकरू रात्री तापले असता ते कोणाचे, हा प्रश्न पडता कामा नये. तापाच्या रात्री ते दोघांचेही आहे.

परंतु पायरी चढल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तेथे आमचे भांडण सुरू होते. आई सांगते 'गोवर'. समोरच्या परिचारिकेच्या तोंडी शब्द आहे 'तट्टू'. आई म्हणते 'पुरळ'. तिकडे ते 'दद्दुर्लु'. आई सांगते 'आकडी'. ते कोणी टिपून घेत नाही, आणि डॉक्टरांस कळावयास हवी ती एकच गोष्ट कळत नाही. या क्षणापुरते आम्ही आमच्या भगिनींस सांगतो, की हे तीन तेलुगू शब्द पाठ करून ठेवा: ज्वरम् म्हणजे ताप, दद्दुर्लु म्हणजे पुरळ, तट्टू म्हणजे गोवर, आणि आकडी आली असेल तर 'फिट्स' म्हणा, तो शब्द सर्वत्र समजतो. शेजाऱ्याची भाषा शिकल्याने आपली भाषा उणी होत नाही. पण हा उपाय आईने करावयाचा. सरकारचे कर्तव्य त्याने फिटत नाही.

आमची मागणी साधी आहे. जेथे मराठी वस्ती आहे, तेथील प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मुलांच्या आजारातील धोक्याच्या खुणा तेलुगूबरोबर मराठीतही लिहिल्या जाव्यात. लसीच्या कार्डावर मराठी मजकूर असावा. मराठी जाणणारी एक तरी आशा कार्यकर्ती वा परिचारिका त्या केंद्रात नेमावी. आणि जे आम्ही मराठीसाठी मागतो, तेच गोंडी व कोलामी आयांसाठीही मागतो. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मारलवाई येथे, निजामाच्या राज्यात, १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड मुलांच्या शिक्षणाचे काम उभे राहिले आणि गोंडी पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. त्या काळी जे जमले, ते आज लोकशाहीत जमू नये काय? राज्यघटनेचे ३५० वे कलम प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे देशात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. गाऱ्हाणे मराठीत लिहिता येते, तर लेकराचे दुखणे मराठीत का सांगता येऊ नये? आणि महाराष्ट्र सरकारलाही आमचा प्रश्न आहे. सीमाभागातील बांधवांविषयी व्यासपीठावरून गहिवरणाऱ्यांनी मराठी आरोग्यपत्रके छापून नदीपार पाठविण्यास कोणत्या न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागते?

विलीनीकरण आम्ही मागत आहोत आणि मागत राहू. त्याला किती वर्षे लागतील, हे राजधान्यांतील फायली ठरवितील. दोन वर्षांच्या लेकराच्या तापाला तेवढी सवड नसते. तेव्हा आज संध्याकाळी दिवेलागणीला हा अग्रलेख घरातील मोठ्या माणसांस वाचून दाखवावा. ज्या घरात लहान मूल आहे तेथे काचेचा एक पेला हाताशी ठेवावा, लसीचे कार्ड काढून दुसरी मात्रा झाली की नाही ते पाहावे आणि रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल हे आजच ठरवून ठेवावे. मूल पीत नसेल, जागे होत नसेल, धापा टाकीत असेल, आकडी आली असेल वा दाबूनही न पुसणारे डाग दिसत असतील, तर राज्य विचारू नये, मुहूर्त विचारू नये, शेजारीण विचारू नये. लेकराला उचलावे आणि निघावे. आपल्या हक्काचे भांडण उद्या सकाळी पुढे चालवू. त्यासाठी आम्ही आहोतच.